फाक घातली त्या दुपारी

माझ्या चुलतभावाचं उजवं वृषण गेलं, तेव्हा त्याला मोटरसायकलवर मागे बसवून रत्नागिरीला मीच नेलं होतं. तो कॉलेजात होता. सबंध दिवस पोटात दुखतंय म्हणत पाय छातीशी घेऊन पडून राहिला, कारण दुखण्याची खरी जागा आईला सांगायची लाज. काकी त्याला ओव्याचं पाणी पाजत राहिली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की वृषण एका दोरीला टांगलेलं असतं, रक्तही तिच्यातूनच येतं, आणि त्या दोरीला पीळ पडला की काही तासांत ते मरतं. त्याचं काळंठिक्कर पडलं होतं. काढावं लागलं. "एकावर सगळं नीट चालतं," डॉक्टर म्हणाले, "फक्त आता ते जपायचं." टाक्यांमुळे परतताना एसटीने आलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "दादा, कुणाला सांगायचा नाय हां." मी त्याच्या मांडीवर हात ठेवला.

पुढे तो लोट्याला एका कारखान्यात लागला. लग्न झालं. बायकोला त्याने आधीच सगळं सांगितलं होतं. मूल मात्र होईना. तपासणीत शुक्रजंतू कमी निघाले, पण आशा सोडू नका म्हणून डॉक्टरांनी औषधं सुरू केली. घराबाहेर हे फक्त मला ठाऊक होतं.

आमच्या गावात होळीचं झाड खांद्यावरून आणताना फाका घालतात. एकाने शिवराळ ओळ ओरडायची, बाकीच्यांनी "होय!" करून ती उचलायची. कुणाची दारू, कुणाची बायको, त्या दिवशी सगळं चालतं आणि कुणी रागवायचं नसतं.

मला तेव्हा प्रोस्टेटचा त्रास नुकता सुरू झाला होता. झाड तोडून झाल्यावर मी काजूच्या आड गेलो आणि बराच वेळ तिथेच अडकलो. परत येऊन खांदा लावतोय तोच पुढून भावाचा आवाज आला, "दादाचा नळ सुटत नाय, सुटला तर थांबत नाय!"

"होय!"

"दादा, वायसर बदला!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसत होते. मलाही हसता आलं असतं. पण माझे कान तापले, आणि मी ओरडलो, "एका गोटीचा बैल आमचा, गोठा राहतो रिकामा!"

"होय!" तेही उचललं गेलं. मग कुणीतरी सहज विचारलं, "एका गोटीचा? खराच काय रे?" भावाने झाडाखालचा खांदा काढून घेतला.

भार एकदम बाकीच्यांवर आला, शिव्या उठल्या आणि झाड कातळावर आदळलं. मी वळेपर्यंत त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. दात तुटला. मी उताणा पडलो, तो छातीवर बसला आणि माझं डोकं कातळावर आपटायला लागला. "एसटीत काय बोललो होतो तुला? काय बोललो होतो?" त्याचं दोन्ही हातांनी गळा दाबणं, माझ्या तोंडातलं रक्त, लोकांचं त्याला मागे ओढणं, सगळं एकाच वेळी चाललं होतं. मी गुडघा वर घेतला आणि जोर लावून मारला.

गुडघा चुकून लागला, असं मी गावाला सांगितलं, काकीला सांगितलं, हॉस्पिटलातही तेच सांगितलं. चुकून लागला नव्हता. कुठे मारायचं ते मला माहीत होतं आणि तिथे काय शिल्लक आहे तेही माहीत होतं.

तो बाजूला कलंडला आणि ओकला. लोक लुंगी सोडायला गेले तर त्याने दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली. "बायकोला बोलवा," एवढंच म्हणाला. ती येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. टेम्पोत तिने पाहिलं तेव्हा पिशवी वांग्यासारखी जांभळी होऊन फुगली होती. मी त्यांच्यासमोर रुमालाने तोंड दाबून बसलो होतो.

सर्जनने सोनोग्राफी पाहिली. वृषणावर पांढरं चिवट आवरण असतं, ते फाटून आतला मऊ भाग बाहेर आला होता. "शिवता येईल तेवढं शिवतो," तो म्हणाला. ऑपरेशन लांबलं. बाहेर आल्यावर त्याने भावाच्या बायकोला बाजूला घेतलं. ती भिंतीला धरून खाली बसली, तेव्हा मला कळलं, की तेही काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉटजवळ गेलो. त्याने डोळे उघडले. "पुढच्या शिमग्याला काय ओरडशील रे?" त्याने विचारलं. दादा म्हणाला नाही. नंतरही कधी म्हणाला नाही.

आता त्याला ठरावीक दिवसांनी हार्मोनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते घ्यायला तो एकटा जातो.

यंदा शिमग्याला देवीची पालखी त्याच्या अंगणात गेली, तेव्हा पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता. गुरव दरवर्षी त्यांच्यासाठी देवीपुढे मुलाचं गाऱ्हाणं घालायचा. सवयीने त्याने सुरुवात केली, "हे महाराजा, ह्या घरात पाळणा..."

"नको," भावाची बायको म्हणाली. "ते नको आता. ह्यांची तब्येत बरी राहू दे, तेवढंच बोला."

गुरव थांबला, मग तेवढंच बोलला. सगळ्यांनी "होय महाराजा!" म्हटलं. मी दांड्याखालचा खांदा सावरला. भाऊ समोर हात जोडून उभा होता. त्याने देवीकडे पाहिलं, दांडा धरलेल्या माझ्याकडे नाही.