हत्तीवरून आलेला भाऊ

गेल्या वर्षी, पावसाळा संपत आला असताना, एका बुधवारी खजरान्याच्या गणपतीबाहेर नारळ घेताना काकांचा मोबाइल चोरीला गेला. मोबाइलमध्ये त्यांचं क्रिप्टोचं वॉलेट होतं. त्यातल्या पैशांतून काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. मोबाइलचा आणि वॉलेटचा पिन एकच होता: काकांचं जन्मसाल.

काकांनी मला थेट पोलीस ठाण्यावर बोलावलं. तक्रार लिहिणाऱ्या मुंशीने मोबाइलचा रंग विचारला, मॉडेल विचारलं. मग काकांनी वॉलेटमधल्या नाण्यांचा विषय काढला.

‘‘सोने के थे या चाँदी के?’’

‘‘दिखते नहीं, साहब.’’

‘‘तो अंकलजी, गए ये कैसे मालूम पड़ा?’’

काकांनी सांगितलं की नाणी अजून गेली नसावीत, पण कोणत्याही क्षणी जातील. त्यांच्या नफ्यावर सरकार कर घेतं, हेही सांगितलं. मग ते चलन आहे का, असं मुंशीने विचारलं. सरकार त्याला चलन मानत नाही, असं काकांना कबूल करावं लागलं. तक्रारीत फक्त मोबाइल लिहिला गेला.

एक उपाय उरला होता. असं वॉलेट उघडताना बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते त्याच क्रमाने दुसऱ्या मोबाइलमध्ये टाकले की वॉलेट तिथे उघडतं, आणि चोराच्या आधी नाणी हलवता येतात. काकांनी हे शब्द कुठेही लिहिले नव्हते. लक्षात राहावेत म्हणून त्यांचं मराठी करून एक गोष्ट रचली होती. बडा गणपतीजवळच्या त्यांच्या घरी येऊन ती त्यांनी मला ऐकवली. भाऊ हत्तीवरून येतो, छत्री मिटतो, संत्री देतो, शिडी चढतो, असं काहीसं. मी माझ्या मोबाइलवर एकेक शब्द इंग्रजीत टाकत गेले. शब्द चुकीचे आहेत, असं ॲपने सांगितलं. कोणता चुकला, ते सांगितलं नाही.

आम्ही ‘शिडी’साठी दुसरा शब्द शोधला. ‘मिटणे’ बदलून पाहिलं. काका पुन्हा पहिल्यापासून गोष्ट म्हणू लागले. काकू दारात येऊन ऐकत होत्या. त्यांनी ही गोष्ट पूर्वी ऐकली नव्हती.

‘‘पण भाऊ कुठला?’’ त्यांनी विचारलं. माझ्या वडिलांकडून आजवर या घरात एकही संत्रं आलेलं नाही, हेही सुनावलं.

‘‘देवासवाला,’’ काका म्हणाले. ‘‘तो नेहमी आणतो.’’

‘‘अहो, ते तुमचे सख्खे थोडी आहेत? मामेभाऊ ना?’’

आमच्याकडे कोणी कोणाला कझिन म्हणत नाही. मी ‘ब्रदर’ खोडून ‘कझिन’ टाकलं. वॉलेट उघडलं. नाणी जागेवर होती.

ती लगेच नव्या वॉलेटमध्ये हलवली. नवे बारा शब्द काकूंनी पाठ केले, इंग्रजीतच. गोष्ट रचायला काकांना मनाई झाली.

मोबाइल अजून सापडलेला नाही. दिवाळीनंतर थोडी नाणी विकली, नफ्यावरचा कर भरला आणि काकूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. देवासचे काका भेटायला आले. त्यांनी या खेपेला सफरचंदं आणली.