दोनदा थापटलं की सोडायचं

हिरामण आडे आमच्या कॉलेजात रोजंदारीवर शिपाई म्हणून लागला आणि पहिल्याच दिवशी त्याने बी.ए. भाग दोनच्या उत्तरपत्रिकांचे सहा गठ्ठे माझ्या पायाशी टाकले. निसटले नाहीत, टाकले. मी यवतमाळच्या त्या कॉलेजच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. "इथे ठेव" असं सांगायला मी टेबलावर तळहाताने दोनदा थापटलं, एवढंच. त्याने त्याच क्षणी दोन्ही हात उघडले. गठ्ठ्यांच्या दोऱ्या तुटल्या आणि उत्तरपत्रिका पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर झाल्या.

"अरे, हे काय केलंस?" मी ओरडले.

"तुमी टॅप केला ना ताई," तो खाली बसून कागद गोळा करत म्हणाला. "टॅप आला का सोडाचं."

मला वाटलं, पोरगा एक तर आगाऊ आहे किंवा अर्धवट. मग ग्रंथपालांनी सांगितलं, की हा मिक्स्ड मार्शल आर्ट्स नावाचा खेळ खेळतो. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, लाथा, सगळं एकत्र. आणि तेही जाळीच्या पिंजऱ्यात. समोरच्याने मान किंवा हात असा काही धरला की आता सहन होत नाही, तर पकडीत अडकलेल्याने तळहाताने दोनदा थापटायचं, जमिनीवर किंवा त्याच्या अंगावर. म्हणजे हरलो, सोड. त्याला टॅप म्हणतात. पुसदच्या आखाड्यात हिरामण कुस्ती खेळायचा, तिथून नागपूरच्या एका प्रशिक्षकाने त्याला उचलला होता.

आठवड्याभरात अख्ख्या कार्यालयाला खेळणं मिळालं. हिरामण चहाचा ट्रे घेऊन आला की कोणीतरी टेबलावर दोनदा थापटायचं. ट्रे खाली. पुन्हा हसणं. तो चिडत नसे. काचा वेचताना म्हणायचा, "चालते, हाताले सवय आहे." मीही हा चावटपणा केला आहे. एकदा नाही, दोनदा. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे त्याची मला कधीच न पुसली जाईल अशी लाज वाटली.

तो दिसायला अगदी साधा होता. बुटका, रुंद पाठीचा, कान चुरगळलेले आणि आवाज इतका मऊ की फोनवर लोक त्याला "बाई" म्हणत. कॉलेजच्या जिमखान्यातच राहायचा. शनिवारी अर्धा दिवस झाला की पुसदची एसटी पकडून पुढे तांड्यावर जायचा. राज्यभरातून कोणीही बोलावलं तरी शनिवार चुकवायचा नाही. "घरी काम हाय," एवढंच सांगायचा. एकदा थंडीत तो सतरंजीवर झोपतो हे पाहून मी घरची जुनी गादी त्याला पाठवली. दुसऱ्या दिवशी गादी परत.

"काहून रे? ढेकूण होते की काय?"

"नाई ताई. मले कापसावर झोप येत नाई."

बंजाऱ्याचं पोर, जन्म कापसाच्या वावरात गेलेला, आणि याला कापसावर झोप येत नाही! मी मनात म्हटलं, चॅम्पियन व्हायच्या आधीच याचे नखरे सुरू झाले.

त्याची पहिली मोठी लढत पाहायला आम्ही चौघं नागपूरला गेलो. मी आयुष्यात तोवर कोणाला कोणाचं रक्त काढताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरात वडील कोषागारात, आजोबा कचेरीत. मारामारी म्हणजे फार तर पानसुपारीच्या वेळचा वाद. इथे माझे चहाचे कप विसळणारा हिरामण एका माणसाच्या छातीवर बसून त्याला ठोसे मारत होता आणि बाजूची पोरं शिट्ट्या वाजवत होती. मी रुमाल डोळ्यांना लावला. मी उठणार तेवढ्यात खालच्या माणसाने मनगट कसंबसं सोडवून जमिनीवर थापटलं. पंच वाकायच्या आत हिरामण त्याच्यावरून उठला होता. त्याच्या डोक्याखाली हात घालून त्याला बसवत होता. पाणी पाजत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ताई, तुमी रडल्या काहून? त्याले काई झालं नाई. मी इचारलं ना."

स्वतः मात्र तो कधीच टॅप करत नसे. सरावातसुद्धा नाही. एकदा कोणीतरी त्याचा हात कोपरातून उलटा धरला, हा गप्प राहिला आणि सांधा निखळला. प्रशिक्षक संतापले. सरावात टॅप न करणं म्हणजे शूरपणा नव्हे, शुद्ध मूर्खपणा आहे, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं, जणू मी त्याची आई. मी त्याला झापलं. त्याने प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला.

"दुसऱ्यानं केला तं मी सोडतो. पन मले तो हक्क नाई ताई."

"कसला हक्क?"

"जाऊ द्या."

मी जाऊ दिलं. माणसं आपल्याला सांगायला येतात आणि आपण फाइल उघडतो.

पुढच्या दोन वर्षांत तो राष्ट्रीय विजेता झाला. विजेतेपदाचा पट्टा घेऊन कॉलेजात आला तेव्हा प्राचार्यांनी त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आता पुढच्या लढतीत तो पट्टा एकदा राखायचा होता. राखला, तर जिमखान्यात प्रशिक्षक म्हणून त्याची कायम नेमणूक होणार होती. प्राचार्यांनी तसा शब्द दिला होता आणि तो प्रस्ताव मी माझ्या हाताने तयार केला होता. रोजंदारीवरचं माणूस कायम होणं म्हणजे काय, हे आमच्या कार्यालयात वेगळं सांगावं लागत नव्हतं. मी फाइलला नवी नाडी बांधून ठेवली होती.

रविवारी संध्याकाळी सभागृहात पडदा लावून सगळ्यांनी लढत पाहिली. पहिल्या दोन फेऱ्या बरोबरीच्या. तिसऱ्या फेरीत हिरामणने प्रतिस्पर्ध्याला मागून धरलं. कोपर त्याच्या हनुवटीखाली गेलं. सभागृह उभं राहिलं. पंच डाव्या अंगाला होता आणि कॅमेरा उजव्या. त्यामुळे आम्हाला स्पष्ट दिसलं, की त्या माणसाचा उजवा हात हिरामणच्या मांडीवर दोनदा थापटला. हलकेच. पंचाला ते दिसलं नाही.

हिरामणने सोडलं. सोडून उठून उभा राहिला, आणि दोन्ही हात खाली ठेवून पंचाकडे पाहू लागला.

पंचाने थांबवलं नव्हतं. खालचा माणूस खोकला, गुडघ्यावर आला, उभा राहिला. हिरामण त्याला धरायला, मला वाटतं पाणी विचारायला, एक पाऊल पुढे आला. त्या माणसाने ठोसा मारला. एकच. हिरामण तसाच्या तसा मागे पडला.

 सभागृहात मागून एक आवाज आला, "अबे, पन सोडलं काहून यानं?" आणि सगळे एकदम बोलू लागले. हजार वेळा शिकवलेलं असतं, पंचाचा हात खांद्यावर पडेपर्यंत पकड सोडायची नाही. नव्या पोरालाही हे माहीत असतं. निकाल बदलला नाही. "मी टॅप केलाच नव्हता," असं त्या विजेत्याने नंतर सांगितलं.

मला रात्रभर राग धरून बसायची गरज नव्हती, तरी मी बसले. सकाळी फोन लावला.

"पट्टा हातात होता तुझ्या. पंचाने सांगेपर्यंत थांबता येत नव्हतं?"

"त्यानं टॅप केलता ताई."

"पंचाने पाहिला नाही ना!"

"मले तं कळला."

"मग बस आता तांड्यावर, लोकांना सोडत," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्याच आठवड्यात प्रस्तावाची फाइल कपाटात परत गेली. हिरामणही परत आला नाही.

दीड महिन्याने त्याचा अनुभवाचा दाखला घेऊन मी तांड्यावर गेले. टपालाने पाठवता आला असता. पण ते शेवटचं वाक्य मला जेवू देत नव्हतं. वेचणीचे दिवस होते. घराच्या ओसरीवर त्याची आई, त्याची याडी, कापसातला कचरा काढत बसली होती. हिरामण पाणी तापवत होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, "बसा ताई, पाच मिनिटं. घरचं काम हाय."

आतल्या खोलीतून तो एका माणसाला उचलून घेऊन आला. पंचविशीचा असेल, वजन लहान मुलाचं, मान एका बाजूला, नजर कुठेच नाही. हिरामणने त्याला न्हाऊ घातलं, पुसलं, सदरा घातला. मग त्याला पोटाशी धरून उभं करून तो त्याचे पाय हलवून घेऊ लागला. मोजून चार वेळा पाय हलले असतील. त्या माणसाचा उजवा हात वर आला आणि हिरामणच्या पाठीवर दोनदा थापटला. हिरामणने लगेच त्याला बाजेवर ठेवलं.



"हा सुदाम," याडी म्हणाली. "हिरामनाच्या पाठचा." ती मान वर न करता बोलत होती, बोटं कापसात चालू होती. "त्या साली कापसाले कोनी इचारे ना. सारा कापूस घरात भरला, त्या खोलीत. दाबून भरायले ह्या दोघायले तुडवाले उतरवलं. तुडवता तुडवता कुस्ती खेळाले लागले. यानं त्याले खाली घेतलं. तोंड कापसात. सुदाम हातानं दाराच्या फळीवर थापटे. थापटत राह्यला, थापटत राह्यला. याले वाटलं, खेळून राह्यला. हसे हा."

तिने हातातला कचरा बाजूला टाकला.

"आमी बाहीरच होतो बाई. आमालेबी आयकू येत होतं. आमालेबी वाटलं, खेळून राह्यले. हात थांबला, तवा हिरामन उठला."

मी खोलीकडे पाहिलं. त्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, फळी कधीच काढून टाकलेली.

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कार्यालयातलं टेबल आलं. त्यावरचा माझा हात. फुटलेले कप, आणि पाच वर्षं हसणारी आम्ही सगळी शिकलीसवरलेली माणसं. प्रत्येक वेळी त्या पोराने काय ऐकलं असेल?  दाखला पिशवीतच राहिला. मी उठून हिरामणचे दोन्ही हात धरले. "मला ठाऊक नव्हतं रे, मला ठाऊक नव्हतं," एवढंच मला बोलता येत होतं. किती वेळ बोलले, ते आठवत नाही. माझी बोटं त्याच्या मनगटांत रुतली होती, आणि ज्याच्या पकडीतून राष्ट्रीय पातळीवरचे पैलवान सुटले नव्हते तो माणूस माझ्यासमोर स्वस्थ उभा होता. त्याच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. मी सोडत नव्हते.

त्याने एक हात हळूच सोडवून घेतला. आणि माझ्या मनगटावर, अगदी हलकेच, दोनदा थापटलं.

मी सोडलं.