दोनशेव्या पक्ष्याची दुसरी सही

रविवारी पहाटे पक्षी पाहायला जाणाऱ्या मंडळींत वहिनी बावीस वर्षं होत्या, आणि या बावीस वर्षांत त्यांनी पक्ष्यांकडे फारसं पाहिलं नव्हतं. त्यांचं लक्ष थर्मासकडे असे. दुर्बिणी गळ्यात अडकवलेली वीसेक माणसं पाणथळीच्या बांधावरून चवड्यांवर चालत, एकमेकांना 'शूः' करत, आणि त्या 'शूः'च्या आवाजानेच अर्धे पक्षी उडून जात. मागून वहिनी चहाची पिशवी सांभाळत येत. कुणाला बिनसाखरेचा लागतो, कुणाचा गुडघा धरतो, परतताना गाडीत कोण चढायचं राहिलंय, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बगळा आणि करकोचा यांतला फरक त्यांना दर मोसमात कुणीतरी नव्याने समजावून सांगे. त्या मनापासून मान डोलावत आणि घरी पोचेपर्यंत विसरून जात.

त्या येत होत्या त्या साहेबांसाठी. साहेब म्हणजे त्यांचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभा जन्म गेलेला माणूस. दुकानात शिरले की दुकानदाराच्या आधी काट्याला घाम फुटायचा. वहिनींच्या सख्ख्या भावाच्या दुकानातला काटासुद्धा त्यांनी दोन पंचांसमक्ष जप्त केला होता. भाऊ तीन वर्षं बहिणीच्या घरची पायरी चढला नाही. साहेबांना त्याचं वाईट वाटलं, पण काटा खोटा निघाला याचं जास्त वाटलं.

निवृत्त झाल्यावर जप्त करायला काही उरलं नाही, तेव्हा साहेब पक्ष्यांकडे वळले आणि मंडळींना त्यांनी शिस्त लावली. नवा पक्षी दिसला की त्याचा रीतसर पंचनामा. जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत तारीख, वेळ, हवा, पक्षी कुठे बसला होता, काय करत होता, आणि खाली दोन सह्या. एकट्याने पाहिलेला पक्षी वहीत चढायचा नाही, मग तो कितीही मोठा का असेना.

या नियमाचा पहिला बळी ठरले दातांचे डॉक्टर. त्यांना एकदा एकट्यांना गरुड दिसला. त्यांनी फोटोही काढला होता. साहेबांनी तो चष्मा वर करून, मग खाली करून पाहिला आणि परत दिला.

"ढग छान आलाय," ते म्हणाले. "दुसरं कोण होतं बरोबर?"

दुसरं कुणी नव्हतं. पण तो गरुड डॉक्टरांच्या मनातून काही उडाला नाही. दर दोनचार महिन्यांनी ते त्याचा विषय काढत.

नऊ वर्षांपूर्वी वहीत एकशे नव्व्याण्णव पक्षी झाले आणि दोनशेवा काही केल्या येईना. साहेबांचं जेवणातलं लक्ष उडालं. अशाच एका रविवारी मंडळी पक्षी पाहायच्या मनोऱ्याकडे पुढे गेली होती. मागे साहेब आणि वहिनी दोघंच. वहिनी बांधावर बसून पेल्यांत चहा ओतत होत्या, तेवढ्यात साहेबांचा दबलेला आवाज आला.

"अगं, बघ. बघ लवकर."

लाल तापस होता. बगळ्याच्या कुळातला, अंगाने लहान, महा लाजरा पक्षी. चाहूल लागली की पाणकणसांच्या दाटीत चोच आभाळाकडे करून असा निश्चल उभा राहतो, की शेजारचं कणीस कोणतं आणि हा कोणता, ते कळू नये. वहिनींनी मान वर केली. मग तो गेला. साहेब चिखल झाडत आले आणि म्हणाले, "तूही पाहिलास ना?"

वहिनी म्हणाल्या, "हो."

एवढंच. तेवढ्या एका शब्दावर नोंद झाली आणि खाली दुसरी सही वहिनींची पडली. त्या दिवशी साहेबांनी दोनदा भात मागून घेतला. पक्षी वहिनींना दिसलाच नव्हता. आपण त्यांच्या वहीत खोटं माप घातलं, हे त्यांना सही करतानाच कळलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत आठ वर्षं गेली, आणि गेल्या वर्षी साहेबच गेले.

हे असंच झाकून राहिलं असतं. पण पाणथळ राखीव झाली. राखीव झाली म्हणजे कार्यालय आलं, कार्यालय आलं म्हणजे फलक आला. फाटकाशी मोठा फलक लावायचा, त्यावर लाल तापसाचं चित्र आणि खाली 'येथील पहिली नोंद' म्हणून साहेबांचं नाव, असं ठरलं. साहेबांनंतर मंडळींची सूत्रं दातांच्या डॉक्टरांकडे आली होती. ते एका संध्याकाळी दवाखाना आटोपून वहिनींकडे आले.

"कार्यालयाला प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं एक पत्र हवंय, वहिनी. साहेब नाहीत. आता तुम्हीच एकट्या उरलात. चार ओळी लिहा. काय पाहिलं, कसा होता, बस्स."

"कधी हवंय?"

"रविवारी. तिथेच वाचून दाखवू सगळ्यांना."

डॉक्टर गेल्यावर वहिनी कागद पुढे घेऊन बसल्या. पत्र लिहिलं तर साहेबांचं नाव फाटकावर झळकणार होतं आणि त्या नावाखाली खोटा काटा राहणार होता. न लिहिलं, तर मेलेल्या माणसाचा एवढा एक मानही बायकोनेच हिरावून घेतला, असं होणार होतं. त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या गावी शाळेत शिकवत होती आणि एका वेळी तीन कामं करायची तिची सवय फोनवरही ऐकू येत असे.

"पुस्तकात बघून लिही ना, आई. चोच कशी, पाय कसे, सगळं दिलेलं असतं."

"पण मी पाहिला नाही गं तो."

"कुणाला कळणारे? पक्षी काय साक्ष द्यायला येणारे?"

शाळेत कॉपी पकडण्यात मुलीचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे वहिनींना आठवलं. त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी साहेबांचं पुस्तक काढलं. पिवळट चोच, तांबूस पाठ, आखूड मान. तीन ओळी सुरेख अक्षरात उतरल्या. चौथ्या ओळीला पेन अडलं, कारण खोटं वजन हातात धरून प्रकाशात फिरवून बघायची साहेबांची सवय त्यांना दिसायला लागली. कागद फाडून त्यांनी दुसरा घेतला. या वेळी पुस्तक मिटलेलंच राहिलं.

रविवारी बांधावर मंडळी गोलात उभी राहिली. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि पत्र वाचायला घेतलं.

"'मी पक्षी पाहिला नाही. मी चहा ओतत होते. यांनी बघ म्हटलं, तेव्हा मी वर पाहिलं, पण यांच्याकडेच. गुडघ्यापर्यंत चिखलात उभे होते. टोपी पडली होती पाण्यात, त्याचं भान नव्हतं. तोंड उघडं राहिलं होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. त्यातून नजर काढून पाणकणसाकडे वळवेपर्यंत पक्षी गेला. मग यांनी विचारलं आणि माझ्याने नाही म्हणवलं नाही. यांची नोंद खरी आहे. माझी सही खोटी आहे.'"

या वेळी कुणाला 'शूः' करावं लागलं नाही. अखेर डॉक्टरांनी कागदाची घडी घातली.

"वहिनी, हे पत्र आम्ही पाहिलंच नाही असं धरू."

"न पाहिलेलं पाहिलं म्हटलं, त्यातून हे सगळं झालं," वहिनी म्हणाल्या. "आता पाहिलेलं पाहिलं नाही म्हणू नका. वही द्या."

वही मिळाली. त्यांनी आपल्या सहीवर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली. खाडाखोड केली तर तारीख घालायची, हेही साहेबांनीच शिकवलेलं. एक सही उरली. मंडळींचा दोनशेवा पक्षी साहेबांच्याच नियमाने बाद झाला. त्या रात्री वहिनी नऊ वर्षांत प्रथमच शांत झोपल्या आणि सकाळी उठून साहेबांच्या फोटोसमोर बसून खूप रडल्या.

फलक मात्र लागला. चित्र आधीच रंगवून झालं होतं आणि कार्यालयाला एवढा मोठा पत्रा वाया घालवायचा नव्हता. रंगाऱ्याने तापसाला वरून पांढरा हात मारला, मान जरा लांबवली आणि त्याचा बगळा केला. बगळे तिथे रोज शंभर येतात, त्यामुळे कुणाच्या सहीची गरज पडली नाही. साहेबांच्या नावाच्या जागी आता 'कचरा टाकू नये' असं आहे.

पुढच्या रविवारपासून वहिनींनी थर्मास दुसऱ्या कुणाच्या हाती दिला आणि साहेबांची दुर्बीण गळ्यात घातली. मंडळी मनोऱ्याकडे गेली की त्या मागे पाणकणसांसमोर उभ्या राहत. आपण तापस पाहायचा आणि साहेबांच्या नावाखाली खरी सही करायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. तिसऱ्या रविवारी डॉक्टर पुढे जाता जाता थांबले आणि त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्ही जा की पुढे," वहिनी म्हणाल्या.

"एकट्याने पाहिलेला पक्षी वहीत चढत नाही," डॉक्टर म्हणाले. "मला विचारा."

मग दर रविवारी दोघं उभी राहू लागली. थंडीचा मोसम उतरत आला. एका सकाळी डॉक्टरांनी वहिनींच्या कोपराला हलकेच बोट लावलं.

"वहिनी, बघा. वाकलेल्या कणसाच्या डावीकडे. तापस."

या वेळी वहिनींनी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांनी डोळे ताणून वाकलेल्या कणसाच्या डावीकडे पाहिलं. कणसं होती. कणसांमागे कणसं होती. काहीतरी फडफडलं, ते वाराही असेल.

"गेला," डॉक्टर कुजबुजले. त्यांच्या हातात पेन आलंही होतं. "दिसला ना तुम्हाला?"

वहिनींनी दुर्बीण खाली घेतली.

"नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं.