वर्ग तिसरीचं दार

अकोल्यात मोर्णेच्या काठी, चढावरच्या मोहल्ल्यात अब्दुल सत्तार जुनी दारं दुरुस्त करून विकत असे. गावाकडची घरं मोडून चौकटी शहरात येण्याचे ते दिवस. २००६ च्या उन्हाळ्यात त्याचं अंगण सागवानाने भरलं होतं. फळीवर हात फिरवून तो सांगे, हे मूर्तिजापूरकडचं, हे परतवाड्याचं.

त्याच्या स्वतःच्या घराचं दार उतारावरच्या वेटाळातून, खालच्या वस्तीतून आलेलं. जुन्या पुरात ते छातीइतकं बुडालं, मालकाने काढून टाकलं, सत्तारने उचललं. गाळाची रेघ त्याने तशीच ठेवली. चांगल्या सागवानावर उगाच रंधा मारणं त्याला पाप वाटे.

मे महिन्यात पुराचा धोका मोजणारं पथक आलं. साहेब पुढे, छत्री धरणारा मागे. नदी कोरडी होती, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. दाराभिंतींवरच्या रेघा मात्र निष्ठेने मोजल्या. खालच्या वेटाळात पुरानंतर सगळ्यांनी दारं नवी बसवली होती, भिंती रंगवल्या होत्या. रेघ नाही, म्हणजे पूर नाही. सत्तारच्या दाराला टेप लागली आणि वहीत छातीइतकं पाणी चढलं.

सत्तार म्हणाला, "साहेब, पाणी या दाराले लागलं होतं, या घराले नाही. दार मी खालून आणलं."

"दारं काय चालत येतात, चाचा?"

पथक हसलं. नकाशा छापून आला: चढ लाल, उतार हिरवा. पूर आला की चढावरच्यांनीही खालच्या शाळेत जमायचं. पाण्यापासून वाचायला पाण्याकडे जा, हे सुचायला मोठी पदवी लागते. सत्तार दोनदा कार्यालयात गेला. दोन्ही वेळा त्याला अर्ज करायला सांगितलं. घरी बायको रजियाबी म्हणाली, "लाकडाशीच बोलत जा तुमी. थे तरी आयकते."

ऑगस्टात मोर्णा फुगली. सकाळी नऊला जीप फिरली, शाळेत चला म्हणून भोंगा ओरडू लागला. सत्तार धावत शाळेत गेला, तिथे जमलेल्या खालच्या लोकांना त्याने जवळजवळ ढकलत वर आणलं आणि आठ दारं आडवी टाकून उताराची वाट बंद केली. चढावरून निघालेल्यांनी त्याला शिव्या घातल्या. जीपवाल्याने सरकारी कामात अडथळा आणला म्हणून त्याचं नाव लिहून घेतलं. साडेअकराला शाळेत फळ्यापर्यंत पाणी होतं.

पुढच्या मे महिन्यात तेच साहेब पुन्हा मोजायला आले. शाळेला नवी दारं, नवा रंग. साहेब 'रेघ नाही' लिहीत होते, तोच सत्तार आणि रजियाबी शाळेने भंगारात काढलेलं दार दोन बाजूंनी धरून आले. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'वर्ग तिसरी' लिहिलेलं आणि अक्षरांच्या खालून गेलेली गाळाची रेघ.

साहेबांनी दोनदा वाचलं.

"हे चालत नाही आलं, साहेब," रजियाबी म्हणाली. "आमी उचलून आणलं."

नव्या नकाशात शाळा लाल झाली, चढ हिरवा झाला, जमायची जागा चढावर आली. सत्तारचं घर मात्र अजून लालच आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो.