बाळ सापडलंय, आईनं यावं

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. सासूबाई चिमीची दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेऊन बसल्या की मी आत जाऊन कुकर लावायची. त्यांना विरोध करायचा नाही आणि शेजारी उभंही राहायचं नाही, असा माझा मधला मार्ग होता. या सदरातले इतरांचे अनुभव वाचतानासुद्धा निम्म्यांना मी मनातल्या मनात उत्तरं दिली आहेत... मांजर असेल, वायरिंग असेल, अंगात ताप असेल. माझ्या स्वतःच्या अनुभवाला मात्र पुरतं उत्तर सापडलेलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन हुबळीला आले. सासरच्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. पूर्वज कधीतरी निपाणीकडून आलेले. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही! मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. तेव्हा बाहेरगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नंबर बुक करावा लागायचा. दिवसभर कानाला हेडफोन आणि त्यात माणसांचे आवाज. नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं, की माणसाला सर्दी आहे, की तो रडून आलाय, की समोर गिऱ्हाईक उभं असल्यामुळे तुटक बोलतोय. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पण ‘तुम्हाला ऐकायला चूक झाली असेल’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही, एवढ्यासाठी सांगतेय.

साल ऐंशी-एक्क्याऐंशीच्या आसपासचं. दिवाळीची सुट्टी. चिमी, म्हणजे माझी मुलगी, दहा महिन्यांची होती. धारवाडहून अक्का आल्या होत्या, त्यांच्या दोन मुलांना घेऊन. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचे मिस्टर कॉलेजात शिकवायचे, तिथंच सप्तापूर भागात राहायचे. अक्का फार बोलायच्या नाहीत, पण घरात त्या असल्या की कामं आपोआप मार्गी लागायची.

तेव्हा आजच्यासारखी थीम पार्क वगैरे नव्हती. सुट्टीत मैदानावर प्रदर्शन भरायचं, तेच आमचं थीम पार्क. आकाशपाळणा, आरसेमहाल, मौत का कुआँ, रुळांवर गोल फिरणारी मुलांची छोटी आगगाडी. गेटमधून शिरलं की डाव्या हाताला प्लायवूडचं ऑफिस होतं, उजव्या हाताला गिरमिटाच्या, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांच्या, आणि मिरची भज्यांच्या गाड्या, आणि पार टोकाला आकाशपाळणा. प्रत्येक खेळाचा स्वतःचा लाऊडस्पीकर आणि प्रत्येकावर वेगळं गाणं. दिवे लागायच्या सुमाराला आम्ही पोचलो तेव्हा गर्दी चांगलीच होती.

चिमीला मांडीवर घेऊन मी आगगाडीत बसले. गाडी सुटल्याबरोबर तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गाडी थांबली तरी वाजवतच होती. उतरवलं तर रडायला लागली, म्हणून ह्यांनी तिला लाल फुगा घेऊन दिला. तो तिच्या मनगटाला बांधला. जरा पुढं गेलो आणि गर्दीत कशाला तरी लागून फुगा फुटला. चिमी दचकली, ओठ काढला, पण रडली नाही. आम्ही सगळे हसलो.

मग अक्कांच्या मुलांना आकाशपाळण्यात बसायचं होतं. हे त्यांना घेऊन रांगेत उभे राहिले. अक्का आणि मी गिरमिटाच्या गाडीमागं एक कठडा होता त्यावर बसलो. थोड्या वेळानं चिमीनं माझ्या खांद्यावर मान टाकली.

“झोपली वाटतं,” मी म्हणाले.

“दमली असेल की,” अक्का म्हणाल्या. “जाऊ या आता. ती दोघं उतरली की निघू.”

आणि तेवढ्यात मला ती अनाउन्समेंट ऐकू आली.

“बाळ सापडलं आहे. मुलगी आहे. दहा महिन्यांची. अंगात अबोली रंगाचा फ्रॉक आहे. एका पायात मोजा आहे, एका पायात नाही. तिच्या आईनं ताबडतोब ऑफिसात यावं.”

बाईचा आवाज होता. मराठी... आणि आमच्या मिरजेकडची मराठी. हुबळीत बोलतात ती नव्हे. सगळी वाक्यं एका दमात, मध्ये कुठं श्वास नाही. माइकसमोर बोलणारा माणूस कितीही सरावाचा असो, श्वास घेतोच, आणि तो मला ऐकू येतोच. इथं तो नव्हता. इतक्या गाण्यांच्या गोंगाटात तो आवाज एवढा स्वच्छ कसा, हेही तेव्हाच मनात आलं.

मला हसूच आलं. चिमीच्या अंगात अबोली फ्रॉक होता. मी सहज तिच्या पायांकडे हात नेला. उजव्या पायात मोजा होता. डावा पाय उघडा. त्यातला मोजा कधी पडला मला माहीत नव्हतं.

मी अक्कांकडे वळले तर त्या आधीच उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा कसातरीच झाला होता.

“ऐकलंत?” मी विचारलं.

“ऐकलं. चल.”

“अहो, पण ही तर माझ्याजवळच...”

“चल गं आधी,” म्हणाल्या आणि चालायलाही लागल्या.

खरं सांगते, मी एकटी असते तर गेले नसते. आपल्या खांद्यावर आपलं मूल असताना ‘आमचं मूल सापडलं का’ म्हणून कोण विचारायला जाईल? पण अक्का अशा झपाझप निघाल्या, की त्यांना गाठायला मलाही जवळजवळ पळावं लागलं. गर्दीत त्यांचा पदर कुणाच्या तरी पिशवीत अडकला, तो हिसडा देऊन सोडवून त्या तशाच पुढं गेल्या.

ऑफिसात ट्यूबलाइट होती. मफलर गुंडाळलेला एक माणूस टेबलापाशी बसला होता. अक्कांनी दारातूनच कन्नडमध्ये विचारलं, “मूल कुठं आहे?”

“कुठलं मूल?”

“आत्ता माइकवरून सांगितलंत ते.”

त्यानं आमच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे बोट केलं. ॲम्प्लिफायर उघडून ठेवलेला, आतल्या वायरी बाहेर लोंबत होत्या. “मैक केट्टैत्री,” तो म्हणाला. माइक बिघडलाय. दुपारपासून बंद होता. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणत होता आणि आला नव्हता.

अक्का तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली.

“सुमन,” त्या म्हणाल्या, “ही झोपलेली नाही गं.”

मी चिमीला खांद्यावरून खाली घेतलं. ट्यूबलाइटच्या उजेडात तिचे ओठ निळसर दिसत होते. डोळे अर्धवट उघडे. आणि त्या प्लायवूडच्या खोलीत, जिथं बाहेरची गाणी जरा दबलेली होती, तिथं मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला... बारीक शिट्टीसारखा. तिचा श्वास.

अक्कांनी तिला माझ्या हातातून घेतलं. तोंड उघडून उजेडाकडे धरलं. आत घशापाशी काहीतरी लाल दिसत होतं. त्यांनी तिला हातावर पालथं घातलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळव्यानं मारायला लागल्या. इतक्या जोरात, की तो मफलरवाला उठून “अक्कारे, अक्कारे”, म्हणजे ताई, ताई, करायला लागला. त्यांनी लक्ष दिलं नाही. मारत राहिल्या. आणि मग टेबलावर फुग्याचा ओला तुकडा पडला. नखापेक्षा थोडा मोठा असेल.

क्षणभर काहीच नाही. मग चिमी रडली.

त्या वेळी मी काय करत होते ते मला आठवत नाही. अक्का सांगतात, मी खाली वाकून जमिनीवर मोजा शोधत होते.

कुणीतरी ह्यांना बोलावून आणलं. आम्ही तसेच रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, घशात बॅटरी मारून बघितलं. ठीक आहे म्हणाले. “आणखी थोडा वेळ गेला असता तर...” असं सुरू केलं आणि वाक्य तिथंच सोडून औषध लिहायला घेतलं.

घरी आल्यावर मी ह्यांना अनाउन्समेंटबद्दल विचारलं. ह्यांनी काही ऐकलं नव्हतं. “आम्ही रांगेत होतो तिथं खांबावर ऑफिसचाच भोंगा होता. डोक्यावरच म्हण की,” हे म्हणाले. “तो बंदच होता. मुलांना विचार हवं तर.” मुलांनीही काही ऐकलं नव्हतं.

पुढं कितीतरी दिवस आम्ही दोघं यावर बोलत होतो. शेवटी ह्यांनीच एक उत्तर काढलं आणि मला ते पटलं. चिमीचं तोंड माझ्या कानापाशी होतं. तिचा श्वास बदललेला माझ्या कानांनी टिपला असणार, मला कळायच्या आधी. उघडा पाय हाताला लागला असणार. आणि मनानं हे सगळं एकत्र करून अनाउन्समेंटचं रूप दिलं. आवाज मिरजेचा का, तर तो माझ्याच डोक्यातला. त्याला श्वास का नव्हता, तेही त्यातच आलं. अगदी चोख उत्तर होतं.

“पण अक्कांनाही ऐकू आलं ना?”

“तू उठलीस म्हणून ती उठली असेल.”

मी उठले नव्हते. त्या आधी उठल्या होत्या. पण मी तेवढ्यावर विषय सोडला. मूल धडधाकट समोर रांगत होतं. आणखी खोलात कशाला जा?

त्यानंतर काही वर्षांनी, चिमी शाळेत जायला लागली होती तेव्हा, दिवाळीच्या आधी आम्ही सप्तापूरला अक्कांकडे होतो. अक्का चकल्या तळत होत्या, मी सोऱ्यानं पाडून देत होते. शेजारच्या बाई येऊन बसल्या होत्या. त्यांच्या नातवानं शेंगदाणा नाकात घातला, त्यावरून विषय निघाला आणि मी आमची हकीकत सांगितली. अबोली फ्रॉक, मोजा, सगळं. बाई ‘देवच पावला’ म्हणत उठून गेल्या.

अक्का झारा हातात धरून तशाच बसल्या होत्या. कढईतल्या चकल्या लाल व्हायला लागल्या होत्या.

“अबोली फ्रॉक कुठं सांगितला गं?” त्यांनी विचारलं.

“असं काय अक्का, अनाउन्समेंटमध्ये. तुम्ही पण ऐकलंत की.”

“मी ते नाही ऐकलं.” त्यांनी चकल्या काढल्या, ताटलीत ठेवल्या. “मला कन्नडमध्ये ऐकू आलं. कूसु सिक्कैति, तायि बरबेकु. बाळ सापडलंय, आईनं यावं. मुलगा आहे म्हणाले. अंगात पांढरं झबलं. डाव्या कानामागं तीळ.”

मला काही समजेना. “कुणाचा मुलगा?”

“माझा. पहिला. तू या घरात यायच्या आधीचा.”

अक्कांचं पहिलं मूल तापात गेलं होतं, हे मला लग्नानंतर कुणीतरी एकदा सांगितलं होतं. त्यापलीकडे घरात तो विषय कधी निघाला नव्हता. त्याच्या कानामागं तीळ होता, हे मला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

“तुम्ही तेव्हा बोलला नाहीत काही.”

“काय बोलू? पोरगी वाचली म्हणून सगळे आनंदात होते. त्यात हे कुठं सांगू?”

मी सोऱ्यात पीठ भरलं. मग मला राहवलं नाही.

“म्हणजे त्या ऑफिसात तुम्ही मूल कुठं आहे म्हणून विचारलंत, ते...”

“त्यालाच आणायला गेले होते मी. वेड्यासारखी. त्या माणसाला विचारलं, तर म्हणाला कुठलं मूल. मागं वळले तर तू उभी होतीस. खांद्यावर ही.”

“आणि तो नव्हता,” मी म्हणाले.

“नव्हता,” अक्का म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. मी तो नीट ऐकला. “पण त्यानं बोलावलं नसतं तर मी उठले असते होय तिथनं? तुझी तर झोपलीच होती खांद्यावर.”

मग त्यांनी स्टोव्ह जरा कमी केला आणि मला म्हणाल्या, “पाड की चकल्या. तेल तापलंय.”

ह्यांना मी हे त्याच रात्री सांगितलं. आमच्या चोख उत्तरानं माझ्या कानाचा खुलासा होत होता. अक्कांच्या कानाचा होत नव्हता. त्यांचाही वेगळा करता येईल... दुखावलेलं मन, गर्दीतली इतकी बाळं, काहीही. पण दोघींना एकाच क्षणी, दोन भाषांत, दोन वेगळी बाळं, आणि दोघींनाही एकाच दारात बोलावणं?