डाव्या गालाचा फोटो

घरात दोघी बहिणी, एक थोरली आणि एक धाकटी. चाळिशी उलटली तरी धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. फोटोच्या धंद्यात ती शिरली एकोणिसाव्या वर्षी, मास्तरांच्या स्टुडिओत लाइटचे स्टँड उचलायला. मास्तर म्हणजे त्या भागातलं मोठं नाव. त्यांच्या फोटोत उजेड नेहमी एका बाजूनं यायचा. मान किंचित वळलेली, हनुवटी जरा खाली, आणि दुसऱ्या गालावर अलगद सावली. दात पुढे आलेला माणूस असो की गालावर व्रण असलेला, त्या सावलीत सगळेच देखणे व्हायचे. धंद्यातली माणसं त्या सावलीला ‘मास्तरांचा पडदा’ म्हणायची.

चौदा वर्षांत धाकटीनं तो पडदा असा उचलला, की कुठला फोटो कुणी काढलाय हे खुद्द मास्तरांनाही सांगता येईना. “माझेच हात आहेत तुला,” ते म्हणायचे, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे मास्तर थकले, स्टुडिओ बंद झाला. धाकटीनं चष्म्याच्या दुकानावरची एक खोली घेतली. खोलीला मोठी खिडकी होती. ती तिनं आल्या आल्या जाड कापडानं झाकून टाकली. गिऱ्हाइकं येत, फोटो हातात घेऊन म्हणत, “वा! अगदी मास्तरांसारखा.” पहिलं वर्षभर हे गोड लागलं. मग ते टोचायला लागलं. तिनं नाना उद्योग करून पाहिले. कॅमेरा तिरका धरला, रंग काढून टाकले, जमिनीवर झोपून खालून फोटो काढले, एकदा तर नुसती पाठच काढली. त्या पाठीची मालकीण म्हणाली, “फोटो छान आहे हो, पण ह्यात मी कुठेय?” सगळे हसले, धाकटीही हसली. घरी गेल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही. जुने-नवे फोटो जमिनीवर मांडून ती बसायची, आणि त्यातला हा माझा असं म्हणून एकावरही बोट ठेवता यायचं नाही.

थोरली एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. वीस वर्षं तिथंच. एके सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. चेहऱ्याची नस गेली होती. दोन-तीन महिन्यांत येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. दीड वर्ष झालं तरी डावी पापणी अर्धी मिटलेली आणि ओठाचा कोपरा खाली ओघळलेलाच राहिला. दवाखान्यानं तिला आतल्या फायलींच्या खोलीत हलवलं. “तिथं शांत असतं, तुम्हाला बरं पडेल,” असं सांगून.

नवीन ओळखपत्रासाठी फोटो हवा होता, म्हणून एका रविवारी दुपारी ती धाकटीकडे आली. धाकटीचे हात सवयीनं चालले. स्टूल ठेवलं, उजवीकडून लाइट लावला, बहिणीची मान हलकेच वळवली. डावा गाल सावलीत गेला. फोटो झाल्यावर तिनं अभिमानानं स्क्रीन पुढे केली.

थोरली बराच वेळ बघत राहिली. “ही कोण?”

“तूच की, ताई.”

“ही मी दीड वर्षापूर्वीची. त्यांनी मला फायलींत ढकललं, तू अंधारात ढकललंस. एवढी वाईट दिसते का गं मी?”

धाकटीनं लाइट विझवले, खिडकीवरचं कापड ओढून काढलं, स्टूल खिडकीसमोर ठेवलं आणि स्वतः खिडकीला पाठ लावून उभी राहिली. मान वळवली नाही, हनुवटीला हात लावला नाही. थोरली रागावलेलीच होती. ती सरळ समोर बघत बसली. चांगला पाव तास गेला. राग निवला नाही, पण त्याचा ताण उतरला, आणि तेव्हा धाकटीनं बटण दाबलं. फोटोत उजवी बाजू भांडायला उठली होती आणि डावी थकून खाली बसली होती. दोन्ही सारख्याच उजेडात, काही झाकलेलं नाही.

“हा लाव कार्डाला,” थोरली म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

आठवडाभर धाकटी त्या फोटोभोवती घुटमळत होती. ह्यात मास्तर कुठेच नव्हते. शेवटी तिनं तो मोठा छापला आणि खाली जिन्यापाशी असलेल्या काचेच्या कपाटात लावला. ताईला विचारावं असं मनात आलं होतं. तिनं फोन हातातही घेतला होता. पण ताई नाही म्हणाली तर, ह्या भीतीनं तो परत ठेवून दिला.

माणसं थबकून बघायला लागली. दोघंतिघं वर येऊन म्हणाली, “आमचाही तसाच काढा.” चौथ्या दिवशी थोरली धापा टाकत जिना चढून आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं.

“मला विचारलंस?”

“ताई, कार्डाला तर तूच म्हणालीस—”

“कार्ड माझ्या गळ्यात असतं. कुणाकडे तोंड करायचं ते मी ठरवते. इथं अख्खा रस्ता मला बघतोय आणि मला पत्ताही नाही!”

“हा माझा स्वतःचा पहिला फोटो आहे गं,” धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

“चेहरा माझा, आणि फोटो तुझा?”

थोरलीनं खाली जाऊन स्वतः कपाट उघडलं, फोटो काढला आणि गुंडाळून घेऊन गेली. त्यानंतर सात महिने तिनं बोलणं टाकलं. फोन केला की थोरलीचे यजमान, भाऊजी, उचलायचे, अवघडून म्हणायचे, “घरातच आहे, पण येत नाही म्हणते.”

धाकटी काम तसंच करत राहिली. खिडकीसमोर स्टूल, सरळ नजर, आणि माणूस चेहरा सांभाळून सांभाळून कंटाळेपर्यंत थांबणं. विचारल्याशिवाय एकही फोटो बाहेर लावायचा नाही, एवढं मात्र तिनं ठरवून टाकलं. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. “असं पासपोर्टसारखं काय काढता?” म्हणून एक नवरी तर रडत उठली. आपली म्हणावी अशी वाट शेवटी सापडली होती, पण बटण दाबताना दर वेळी वाटायचं, हे आपण कुणाच्या तरी पर्समधून काढून घेतलंय.

त्याच सुमारास एका प्रदर्शनाच्या लोकांनी फोटो मागवले. त्यांच्यातल्या एकानं कपाटातला तो फोटो पाहिला होता. “तो असेल तर मधली अख्खी भिंत तुमची,” तो म्हणाला. फाइल धाकटीकडे होती; ती पुसून टाकायला तिचा हात कधी धजावला नव्हता. तिनं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी ती नाही म्हणाली. मग त्यांनी तिचे तीनच फोटो घेतले आणि दाराजवळच्या कोपऱ्यात लावले.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी थोरली एकटीच आली. तिनं तिन्ही फोटो सावकाश पाहिले. एक हमाल, एक निवृत्त शिक्षिका, एक भुवया नसलेली मुलगी.

“ह्यात मी नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“पण सगळी माझ्यासारखीच बसलीयेत.”

ही तक्रार होती की आणखी काही, ते धाकटीला कळेना. चेहऱ्याची उजवी बाजू काही सांगत नव्हती आणि डावीला सांगता येत नव्हतं.

“रविवारी जेवायला ये,” थोरली म्हणाली. “कॅमेरा आणू नकोस.”

रविवारी धाकटी रिकाम्या हातांनी गेली. भाऊजी मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत वाढत होते. जेवता जेवता उन्हाची एक तिरीप थोरलीच्या डाव्या गालावर आली, आणि धाकटीचे डोळे सवयीनं बारीक झाले. तिनं पटकन मान खाली घातली, पण थोरलीनं पाहिलंच.

“बघतेयस ना?”

“हो.”

थोरलीनं चेहरा हलवला नाही, आणि हसलीही नाही. “जेव आधी,” ती म्हणाली. “गार होतंय.”