वालपराइसोचं गिऱ्हाईक

माझ्या मुलीने मला फसवलं. आठवडाभर, हसतमुखाने, दक्षिण अमेरिकेतल्या एका शहराच्या पायऱ्या चढायला लावून फसवलं. आणि फसवायची रीत तिने माझ्याच दुकानातून नेली होती.

सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या मुख्य रस्त्यावर माझं साड्यांचं दुकान आहे. आधी ते आमच्या गॅरेजमध्ये होतं. कुणी भांडवल दिलं नाही, सल्लासुद्धा धड कुणी दिला नाही. जे शिकले ते गिऱ्हाइकांशी भांडून शिकले. साडी विकायची माझी एक पद्धत आहे. बाई आत आली की तिला लगेच भाव सांगायचा नाही. "बसा ना, पाय दुखले असतील," म्हणायचं, खुर्ची पुढे करायची, आल्याचा चहा द्यायचा. मग एकेक घडी उलगडत जायची. आधी साध्या, मधे एखादी डोळ्यांत भरेल अशी, पुन्हा दोन-चार साध्या. खरी साडी अगदी शेवटी. तोवर ती दमलेली असते. दमलेलं माणूस उठून जात नाही. समोर पडलेल्या ढिगाचा त्याला संकोच वाटायला लागतो. तेव्हा भाव सांगायचा. घरच्या माणसाला मात्र हे सगळं नाही. बहीण आली, जवळची मैत्रीण आली, तर आधी भाव आणि मग साडी. हा नियम मी आजवर मोडलेला नाही.

मुलगी शाळेतून यायची ती थेट दुकानात. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, पण पदर कुठल्या बाजूने पसरायचा हे तिला कधी सांगावं लागलं नाही. पुढे युनिव्हर्सिटीत कापडावरची छपाई शिकली आणि चिलीतल्या वालपराइसोला गेली. तिथे कलाकारांना राहायला आणि काम करायला जागा देतात म्हणे. सहा महिन्यांची बोली होती. ती परत आली की आमच्या शेजारचा रिकामा गाळा घ्यायचा, मधली भिंत काढायची, तिकडे तिचं कापड आणि इकडे माझ्या साड्या, असं आमचं ठरलं होतं. गाळ्याच्या मालकाला मी कधी गोड बोलून, कधी आवाज चढवून थोपवून धरलं होतं. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षही उलटलं. मग तिचा फोन आला. तूच ये म्हणाली. तिच्या मित्रमैत्रिणींना मला त्यांच्या गावातल्या आवडत्या जागा दाखवायच्या होत्या. "तू बघ तर आधी," ती म्हणाली. "मग बोलू."

मग बोलू. तिथेच मला कळायला हवं होतं.

सिडनीहून दुपारी निघाले आणि त्याच तारखेच्या सकाळी उतरले; वाटेत तारीख एक दिवस मागे जाते म्हणे. पुढे बस. ते गाव सगळं टेकड्यांवर चढलेलं आहे. पत्र्याची घरं, पिवळी, निळी, गुलाबी, एकमेकांच्या खांद्यावरून समुद्राकडे बघणारी. वर जायला रुळांवरून सरकणाऱ्या जुन्या लिफ्ट आहेत, पण आम्ही जाऊ तिथली नेमकी बंद. मग पायऱ्याच. माझे गुडघे दिवसभर दुकानात उभं राहून आधीच कामातून गेलेले.

पहिल्या दिवशी भिंतींवर चित्रं काढणाऱ्या एका बाईने मला तिच्या आवडत्या जागी नेलं. मला वाटलं, स्वतःचं चित्र दाखवील. तिने एका जिन्याच्या वळणावर नेऊन बसवलं. वर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, साबणाचा वास येत होता, खाली बंदरातल्या क्रेन संथपणे डबे उचलत होत्या. नवी भिंत हातात घेण्याआधी ती म्हणे इथे येऊन बसते. चादरी बघायला मी समुद्र ओलांडला का, असं मी मुलीला विचारलं. तिने स्पॅनिशमध्ये काय सांगितलं देव जाणे, त्या बाईने मला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी कठपुतळ्या करणारा एक दाढीवाला. तो मला "आई" म्हणायचा. मुलीने शिकवलं होतं. त्याची आवडती जागा टेकडीवरचं कबरस्तान. बाहुल्यांचे आवाज तो तिथे बसून बसवतो, कारण तिथे कुणी मधे बोलत नाही.

"ह्याला नोकरी नाही का?" मी विचारलं.

"हीच त्याची नोकरी आहे, आई."

"त्याच्या आईला विचारलंय कुणी?"

मुलीने हे मात्र जसंच्या तसं सांगितलं असावं. तो हसत सुटला आणि म्हणाला, माझी आईही येताजाता हेच विचारते.

असं रोज. कुणी मासे उतरतात त्या धक्क्यावर नेलं, तिथे रेड्याएवढे सीलसारखे प्राणी माणसांवर ओरडत होते. मी रात्री पाय बादलीत घालून बसायचे आणि विषय काढायचे. ती म्हणायची, उद्याची जागा बघ, मग बोलू.

रविवारी छापखाना चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याच्या आवडत्या जुन्या बाजारात नेलं, आणि तिथे मला पहिल्यांदा बरं वाटलं. फुटपाथवर दिवे, कुलपं, कुणाकुणाचे लग्नाचे फोटो. कापड मोजायची एक लाकडी पट्टी होती, दोन्ही टोकांना पितळ मढवलेली. विकणाऱ्याची भाषा मला येत नाही, त्याला माझी नाही. मी पट्टी खाली ठेवली, पाठ फिरवली, चालू पडले. त्याने हाक मारली. पुन्हा ठेवली, पुन्हा हाक. म्हातारा छापखानेवाला कपाळाला हात लावून बघत राहिला. पट्टी घेऊन मी खुशीत निघाले, आणि मुलगी माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी मधली साडी आवडलेल्या बाईकडे बघते. तेव्हा मला ते दिसलं नाही. आता दिसतं.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, आज माझी आवडती जागा. चिक्कार पायऱ्या. वर एक अरुंद दुकान, दाराला ताजा रंग, आत छपाईचं लांब टेबल, दोरीवर तिची कापडं. मी भिंतीला टेकले. तिने खुर्ची पुढे केली.

"बस ना आई, पाय दुखले असतील," ती म्हणाली आणि आल्याचा चहा हातात दिला.

कप हातात होता आणि मला सगळा आठवडा एकदम दिसला. चादरी, कबरस्तान, मासे, मधे तो बाजार. घडीवर घडी. मी दमले होते आणि समोर ढीग पडला होता.

"भाव सांग," मी म्हणाले.

"मी परत येत नाहीये."

"तो दाढीवाला?"

"तो नाही. ही जागा."

मी घासाघीस केली. दुसरं काही मला येत नाही. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे. निदान एक वर्ष ये, गाळा सुरू करून जा. निदान दिवाळीचा सीझन. ती प्रत्येक वेळी मान हलवत राहिली, आवाज न चढवता. मी कप ठेवला, उठले, दारापर्यंत गेले, पायरीवर उभी राहिले. माझ्या आयुष्यात त्या ठिकाणी कुणी ना कुणी हाक मारलेली आहे. तिने मारली नाही. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला. ती माझा कप धूत होती.

परत येऊन बरेच दिवस झाले. पट्टी काउंटरवर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगत नाही. आज सकाळी गाळ्याच्या मालकाचा पुन्हा फोन आला. या खेपेला मी भांडले नाही, दुसऱ्या कुणाला दे म्हणाले. तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा कुणी येतोय. भिंत आहे तशीच राहील.

रविवारी तिचा फोन येतो. पाऊस झाला का, गुडघे कसे आहेत, असं बोलून आम्ही ठेवतो. ती तिथे राहिली याबद्दल मी भांडणार नाही. माल चांगला होता; ती जागा मलाही आवडली, हे तिला पक्कं माहीत आहे. पण ती पहिल्याच दिवशी, बसमधून उतरता उतरता, माझी बॅग हातात घेताना सांगू शकली असती. आमच्या दुकानात घरच्या माणसाला भाव आधी सांगतात. तू तिथेच वाढलीस, तुला हे माहीत होतं. मग मी गिऱ्हाईक कधी झाले? हवापाण्याच्या गप्पा पुरे. येत्या रविवारी फोन केलास की आधी याचं उत्तर दे.